एक बिल्ला, एक बाई

मुलांनो, तुमच्यातल्या थोरलीने मागे फोनवर सांगितलं की ती तिकडे बाळंतपणात बाईजवळ बसायचं शिक्षण घेते आहे. अशा बाईला तिकडे डूला म्हणतात म्हणे. ऐकून बरं वाटलं. मग ती म्हणाली, "आजी, तुमच्याकडे तर हे आधीपासूनच होतं ना? बायका बायकांना किती सांभाळायच्या! मला ते सगळं लिहून पाठव." तेव्हापासून मी लिहायला बसते आणि उठते. तिला जे हवं आहे ते माझ्याजवळ नाही. जे आहे ते लिहिते. मराठी वाचताना अडलात तर तुमचा बाबा वाचून दाखवील. मात्र त्याने मधली वाक्यं गाळू नयेत.

आधी त्याच्याच जन्माचं सांगते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. माझी आई उशाशी, काकू पायाशी आणि गावची सुईण समोर. बाहेर ओसरीवर वडील सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांशी बोलत बसले होते. मोठी कळ आली तशी आईने आपल्या पदराचा बोळा माझ्या तोंडात कोंबला. "बाहेर माणसं बसलीत," एवढंच म्हणाली. माझी आई मायाळू होती, त्यात शंका नाही. तिच्या आईने तिला जे केलं तेच तिने मला केलं. तेव्हा जवळ बाई होती का, असं कोणी विचारलं असतं तर मी होच म्हटलं असतं. एक नाही, तिघी होत्या.

हे एवढ्यासाठी सांगितलं की "पूर्वी बायका बायकांना सांभाळायच्या" हे वाक्य तिने तिच्या निबंधात लिहू नये.

आता अलीकडचं. मी कॉलेजातून निवृत्त झाल्यावर आपल्या तालुक्याच्या गावी एका संस्थेने काम सुरू केलं. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ तिच्या पसंतीची एक बाई असावी, आणि त्याने काय फरक पडतो ते पाहावं, असं ते काम होतं. त्यांची प्रशिक्षणाची पुस्तिका इंग्रजीत होती. ती मराठीत आणायला त्यांनी मला सांगितलं. "डूला"साठी मी "सोबतीण" असा शब्द केला. गावातल्या बायकांना तो लगेच कळला.

पुस्तिकेत जे होतं ते मला पटलं, कारण ते उपदेशाचं नव्हतं, तपासून पाहिलेलं होतं. निरनिराळ्या देशांत चाचण्या झाल्या होत्या. काही बायकांजवळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत ठेवली, काहींजवळ नाही, आणि मग दोन्हींकडे काय झालं ते मोजलं. सोबत असलेल्या बायकांना ऑपरेशन कमी वेळा लागलं, कळा थोड्या लवकर आटोपल्या, आणि नंतर त्या दिवसाची आठवण कडू राहिली असं म्हणणाऱ्या कमी निघाल्या. औषध नाही, यंत्र नाही. एक बाई, जी उठून जात नाही. मी जन्मभर मुलांना निबंध शिकवले. इतका साधा निष्कर्ष मी क्वचित वाचला होता.

भाषांतर झाल्यावर मी प्रशिक्षणही घेतलं. शिकवणारीने आम्हा सगळ्या बायकांना आळीपाळीने सतरंजीवर उताणं झोपवलं आणि बाकीच्यांना भोवती उभं राहून खाली बघायला लावलं. बस, काही बोलायचं नाही. तुमच्या आजीला ते चेहरे खालून बघताना रडू आलं, हे लिहून ठेवते. मग कमरेवर तळहात कसा दाबायचा, कळ ओसरली की चालवायचं कसं, घोटघोट पाणी, आणि "होईल ना?" असं तिने विचारलं की काय बोलायचं, हे सगळं शिकलो.

त्याच सुमारास आपल्या मागच्या खोल्यांत एक जोडपं भाड्याने राहायला आलं. नवरा तहसील कार्यालयात कारकून. गाव चारठाण्याच्या पलीकडे, घरची शेती. बायको बी.ए. झालेली, अबोल. ती गरोदर राहिली आणि मग कळलं की तिला माहेर नाही. आई लहानपणीच गेलेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि त्या घरातून बाळंतपणाला बोलावणं येणार नव्हतं. पहिल्या खेपेला आईच्या हाताखाली जायचं, हे सुख तिच्या नशिबी नव्हतं.

दुपारी ती माझ्याकडे यायची. मी तिला अंगणात चालवायची, कमरेवर हात ठेवून श्वास घ्यायला शिकवायची. सुरुवातीला मला मॅडम म्हणायची. कधीतरी आजी म्हणायला लागली.

"आजी, तुमी याल ना आत?"

"तू म्हणशील तर येईन."

"तुमी काही करू नका. मला नुसतं आपलं माणूस डोळ्यांपुढं पाहिजे."

एवढीच तिची मागणी होती. सगळं संशोधन जिथे येऊन थांबलं होतं, ते ती न वाचता मागत होती.

दिवस भरत आले तशी गावाहून तिची सासू आली. धडधाकट, बोलकी बाई. कमरेला किल्ल्यांचा भला मोठा जुडगा. अंगणात तिच्याआधी तो जुडगा वाजत यायचा. रात्री झोपतानाही ती तो काढत नसे. गावाकडे थोरली सून होती, पण कपाटाची, पेटीची, धान्याच्या कोठीची किल्ली तिच्या हाती द्यायची नाही, हा या बाईचा कायदा होता.

मी तिला समजावून सांगितलं, की तुमच्या सुनेची इच्छा आहे, मी आत थांबते, मी त्याचं शिक्षण घेतलंय.

"म्याडम, तुमी लय शिकलेल्या," ती हसून म्हणाली. "पण शिकून का कुठं बाळंतपण होतंय? मी चार लेकरं काढली. कुणाला हाक मारली न्हाई."

"म्हणूनच म्हणते. हाक मारावी लागू नये."

"अगं बया! म्हंजे मी हाय ती काय मेली का?"

सुनेने त्या दिवशी जेवताना धीर करून म्हटलं, की आत मला आजी पाहिजेत. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं. "आजी?" सासू म्हणाली. "भाडं देतो आपुन तिला. भाड्यात आजीबी मिळायलीय का आता?" मुलगा हसला. मग म्हणाला, "आई म्हणती तसं करू." विषय संपला.

कळा सकाळी सुरू झाल्या. ऑटोतून आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. कोणता दवाखाना ते लिहीत नाही, जिल्ह्यात कुठेही असाच असेल. वरून हुकूम आला होता की प्रत्येक बाईजवळ एका बाईला बसू द्यावं. त्याची अंमलबजावणी म्हणून दोरी लावलेले प्लॅस्टिकचे बिल्ले आले होते. ज्या बाईच्या गळ्यात बिल्ला, तिलाच आत प्रवेश. दारावर लिहिलेलंच होतं: एक बिल्ला, एक बाई.

सिस्टरने विचारलं, "हिच्यासोबत कोण?"

कोणाला विचारलं? नवऱ्याला. पोरगी तिथेच भिंतीला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात सासूने मान पुढे केली आणि बिल्ला तिच्या गळ्यात पडला.

मी बाहेर बाकावर बसले. मनाची समजूत घातली की कोणी नसण्यापेक्षा सासू बरी. दार उघडलं की आतलं थोडं ऐकू यायचं. "वरडू नको. तुझा नवरा झाला तवा मी सकाळी कापूस वेचला व्हता." थोड्या वेळाने, "पाय ताठ करू नको. शिकलेल्या पोरीचं असंच असतंय."

दुपार झाली. पहिलटकरीण होती, वेळ लागणार होता. आमच्या पुस्तिकेत त्यासाठी एक पूर्ण प्रकरण होतं, की लांबलं म्हणजे अडलं नव्हे. तेव्हाच तर सोबतिणीने हलायचं नाही. पण सासू घामाघूम होऊन बाहेर आली.

"अडली वं पोरगी," ती मुलाला म्हणाली. "घरची कुलपं उघडली का न्हाई?"

तुम्हाला हे माहीत नसेल. आपल्याकडे बाई अडली की घरातली सगळी कुलपं उघडतात, डब्यांची झाकणं काढतात, गाठी सोडतात. बंद असलेलं काही राहू द्यायचं नाही. माझ्या वेळीही उघडली होती. त्याने काही बिघडत नाही, असं मी त्या दिवसापर्यंत मानत होते.

मुलाने गावी भावजयीला फोन लावला. तिचा आवाज मलाही ऐकू आला. "मी कशानं उघडू, भावजी? किल्ल्या तर आत्याबाईच्या कमरेला हायेत."

सासूचा हात जुडग्यावर गेला. तिचा चेहरा पडला. ती खरंच घाबरली होती, हे मी नाकारत नाही.

"दे इकडं," मुलगा म्हणाला. "मी गाडीवर जाऊन येतो."

"आन् कपाटात काय हाय ते तुला दावू? थोरलीबी येईल मागं मागं बघायला. ऱ्हाऊ दे. मीच जाऊन येते."

मी उठून उभी राहिले. "जाऊन या. पण बिल्ला मला द्या. मी तिच्याजवळ बसते."

तिने बिल्ला मुठीत धरला. "तुमाला दिला तर शिष्टर मला परत आत घ्यायची न्हाई. एक बिल्ला एक बाई लिव्हलंय तिथं. मलाबी वाचता येतंय, म्याडम." आणि ती झपाझप गेली. देवगाव फाट्याची काळी-पिवळी जीप समोरच भरत होती. बिल्ला गळ्यात, किल्ल्या कमरेला. सोबतीण निघून गेली.

मी सिस्टरकडे गेले. तिला सगळं सांगितलं. प्रशिक्षण घेतलं आहे, पुस्तिका मीच मराठीत केली आहे, हेही सांगितलं.

"बिल्ला?"

"तो चारठाण्याच्या रस्त्याने चाललाय."

ती हसली, मग कपाळावर हात मारला. "मग मी काय करू, मॅडम? मागं एकीच्या दोघी आत शिरल्या, वर तक्रार गेली. बोलणी मी खाल्ली. तिची सासू येऊ द्या, बिल्ला बदलून देते." तिला आतून हाक आली आणि ती पळाली. त्या वॉर्डात ती एकटीच होती. तिच्यावर राग धरावा असं मला आजही वाटत नाही, आणि राग जातही नाही.

मी दाराच्या फटीशी जाऊन उभी राहिले. आतून "आजी" अशी हाक आली. मी बाहेरूनच बोलायला लागले, की श्वास सोड, हळू, मी इथेच आहे. आतल्या आयाने दार उघडून माझ्याकडे पाहिलं.

"आजीबाई, इथं शाळा घ्यायलाव का? बाकावर बसा."

आणि दार लावलं. हाक पुन्हा आली. पुन्हा आली. मग एक चापट मारल्याचा आवाज आला, आणि "तोंड बंद कर" असं कोणीतरी म्हणालं. त्यानंतर हाक आली नाही. नवरा माझ्या शेजारी मोबाईलवर काहीतरी बघत होता. बघत नसावा बहुधा, नुसता धरला होता.

आत काय झालं ते तिने मला पुष्कळ नंतर सांगितलं. "मी वर बघत पडले होते, आजी. शेजारच्या टेबलावर एकजण होती. तिची आई तिच्या जवळ होती. ती तिला म्हणायची, माझी वाघीण ती, झालं हं माझ्या वाघिणीचं, झालं. मी तेच ऐकत होते. मलाच म्हणायलीय असं धरून चालले. मग ती बाई मोकळी झाली, तिला बाहेर नेलं, तिची आईपण गेली. माझं अजून व्हायचं होतं."

दुपार कलताना तिला मुलगी झाली. बाळ चांगलं होतं. नवऱ्याने आईला फोन लावला, आणि तो काही बोलायच्या आत पलीकडून आवाज आला, "झाली का मोकळी? आत्ता कोठीचं कुलूप काढलं बघ! आत्ता, या हातानं!"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. शिकलेल्या बाईचं तोंड बंद करायला याहून चांगला पुरावा कोणता? सासू परतली ती गूळ-खोबरं घेऊन. नात झाली म्हणून तिला काही कमी वाटलं नाही, हेही लिहायला हवं. तिने बाळाला मनापासून छातीशी धरलं, आणि वॉर्डातल्या प्रत्येक बाईला कुलपाची हकीकत सांगितली. ज्या आयाने मला बाकावर बसवलं होतं, तीसुद्धा मान डोलवत होती. "आसतंय हो, आसतंय." सासूने बिल्ला काढून सिस्टरच्या टेबलावर ठेवला. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिच्या कमरेवर हात ठेवला तर तिने तो हळूच बाजूला केला.

पुढे संस्थेची संशोधिका घरी आली. पुण्याची तरुण मुलगी, नीटस, कामाला चोख. अंगणात खाटेवर बाळंतीण बसली, शेजारी सासू बाळाला मांडीवर घेऊन. मीही होते.

"बाळंतपणाच्या वेळी तुमच्याजवळ सोबतीला कोणी होतं का?"

"मी व्हते की," सासू म्हणाली. "बिल्ला व्हता माझ्या गळ्यात. विचारा शिष्टरला."

"आजी, त्यांना सांगू द्या," संशोधिका सासूला म्हणाली.

सुनेने बोट बाळाच्या मुठीत दिलं. "होत्या."

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "शेवटपर्यंत होत्या का, ते विचार. कुठे होत्या ते विचार."

संशोधिका अवघडली. मला बाजूला नेऊन म्हणाली, "मॅडम, उत्तर बाईचंच धरावं लागतं. दुसऱ्याचं धरलं तर मी निकाल हवा तसा फिरवला असं होईल." बरोबर होतं तिचं. मीच तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. तिने परत येऊन पुन्हा एकदा, नीट विचारलं, आणि पुन्हा तेच उत्तर आलं. होत्या.

संध्याकाळी सासू देवळात गेल्यावर मी पोरीला विचारलं, "असं का सांगितलंस?"

"तुमी दार लावून आपल्या घरात बसता, आजी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी कुठलं दार लावू?"



काम पुरं झालं तेव्हा गावात समारंभ झाला. सोबतीची पद्धत दवाखान्यात चांगली रुजली, बहुतेक बायकांजवळ कोणी ना कोणी होतं, असं व्यासपीठावरून सांगितलं गेलं. मला पुस्तिकेबद्दल शाल आणि नारळ दिला. मी ते घेतलं, कारण न घेण्याने काय झालं असतं? खाली उतरल्यावर मी त्या संशोधिकेला म्हणाले, "पुढच्या वेळी 'कोणी होतं का' असं विचारू नकोस. 'तुला कोण हवं होतं' असं विचार. आणि सासूसमोर विचारू नकोस." तिने मान हलवली. पुढची वेळ आली नाही. पैसे संपले आणि संस्था दुसऱ्या जिल्ह्यात गेली. बिल्ले मात्र दवाखान्यात आहेत.

आता तुमच्या थोरलीने विचारलं म्हणून नव्हे, तर या पंधरवड्यात जे झालं त्यामुळे मी हे लिहायला बसले आहे. ती पोरगी पुन्हा गरोदर आहे, आणि दिवस भरत आलेत. सासू गावाहून आली ती थेट माझ्या दारात. यावेळी तिने स्वतःहून सांगितलं, "म्याडम, या बारीला आत तुमीच बसा. मी गावाकडं ऱ्हाते. आदीच सगळी कुलपं उघडून ठेवते, म्हंजे पोरीला तरास न्हाई." तिच्या मनात काही काळं नव्हतं. जे उपयोगी पडलं असं तिला वाटत होतं, ते तिने आपल्याकडे ठेवलं, आणि जे बिनउपयोगाचं, ते मला दिलं.

मला आनंद झाला, हे लपवत नाही. मी लगेच मागच्या खोल्यांत गेले. पोरगी भाजी निवडत होती.

"मी येते आत," मी म्हणाले. "तुझी सासूच म्हणाली."

तिने जुडी बाजूला ठेवली. "राग मानू नका, आजी. आमी परभणीला खासगीत नाव घातलंय. मी डॉक्टरीणबाईला सांगितलं, मला ऑपरेशनच करा. कमरेत सुई देतात. खालचं काही कळत न्हाई."

मी तिला समजावलं. गरज नसताना पोट फाडून घेऊ नये, सावरायला वेळ लागतो, पुढच्या खेपेला धोके वाढतात. सोबत असली तर ऑपरेशन कमी वेळा लागतं, हे किती ठिकाणी तपासलं गेलं आहे. मी शांतपणे, क्रमाने, सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"असंल," ती म्हणाली. "तुमच्या पुस्तकात खरंच असंल. पण मागच्या बारीला मी वाट बघितली, आजी. दाराकडं बघत बघत वाट बघितली. आता मला कुणाची वाटच बघायची न्हाई."

तिने पुन्हा भाजी पुढे ओढली. मग काही आठवल्यासारखं करून म्हणाली, की ऑपरेशनच्या दिवशी थोरल्या पोरीला कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न आहे, तर तुमी ठेवून घ्याल का.

मी हो म्हटलं.